सासूच्या नावावरची गिरणी

बायकोचं उत्तरकार्य गावी करून आम्ही सुरतला परतलो, तेव्हा पुढच्या खोलीत भिंतीला लागून दळणाला आलेले लोकांचे डबे तसेच उभे होते. स्टीलचे, पत्र्याचे, रंगाची एक रिकामी बादली, काही कापडी पिशव्या. प्रत्येकावर खडूने लिहिलेलं होतं: बारीक, जाड, भाखरीचं, बाजरी. अक्षर तिचं. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे होती, तरी आम्ही गावी होतो तेवढ्या दिवसांत गल्लीतल्या कोणीही आपला डबा मागितला नव्हता. ज्या घरातलं माणूस गेलं तिथे जाऊन आपले गहू कसे मागायचे, असं त्यांना वाटलं असणार.

मी दारात चप्पल काढली, डबे बघितले आणि आत जाऊन बसलो. मला काही वाटलं नाही. पुढेही बराच काळ मला कशाचंच काही वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, बिचारा दुःखात आहे. पण दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो, आपलाच असून आपला नसतो, चावला तरी कळत नाही, तसं माझं झालं होतं. मी जेवत होतो, झोपत होतो, विचारलं त्याचं उत्तर देत होतो.

आम्ही धुळ्याकडचे. मी लग्नाआधीपासून सुरतेत, पांडेसऱ्याजवळच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला. राहायला नवागामला एक खोली आणि तिच्यापुढे आणखी एक लहान खोली. बायको आधी घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. त्याने तिचे डोळे दुखायला लागले. मग गल्लीतल्या बायकांच्या गटात बसून तिने छोटं कर्ज घेतलं आणि घरघंटी आणली. घरघंटी म्हणजे कपाटाएवढी गिरणी, घरच्या विजेवर चालणारी. वर धान्य टाकायचं, खाली डब्यात पीठ पडतं. गल्लीतल्या बायका कोपऱ्यावरच्या मोठ्या गिरणीत रांग लावण्यापेक्षा तिच्याकडे यायला लागल्या. तिने एक उन्हाळा आणि एक पावसाळा दळलं. पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. साधा ताप समजून आम्ही गोळ्या आणल्या. सरकारी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, डेंग्यू आहे, रक्तातल्या पेशी फार उतरल्यात. त्यानंतर सगळं फार लवकर झालं.

गावाहून आमच्याबरोबर सासूबाई आल्या होत्या. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात. मुलगी तेव्हा चौथीत होती. तिला जरा सवय होईपर्यंत महिनाभर राहते, असं मामी म्हणाल्या होत्या. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मामींचं आणि माझं सरळ बोलणं असं कधी झालंच नव्हतं. मी सासरी गेलो की त्या डोक्यावर पदर ओढून चुलीपाशी जायच्या आणि तिथून कोणाला तरी सांगायच्या, पाहुण्यांना पाणी द्या. जावयाला आमच्याकडे पाहुणाच म्हणतात. आता त्या माझ्या घरात होत्या आणि मध्ये बोलायला कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी घरघंटीपुढे उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लोकेसनं दळण पडेल शे."

मी म्हणालो, "परत देऊन टाकू. मी घरोघर नेऊन देतो."

"धान्य घेतलं तर पीठ द्यावं लागतं," त्या म्हणाल्या. त्या अहिराणीतच बोलतात, मी इथे बरंचसं सगळ्यांना कळेल असं लिहितो आहे.

मामींना यंत्राची माहिती नव्हती. त्या शेजारच्या वहिनींना घेऊन आल्या. वहिनी वाशीमकडच्या, बायकोच्या गटातल्याच. त्यांनी बटण दाखवलं, जाड पिठाची जाळी कोणती, बारीक पिठाची कोणती ते दाखवलं. दाखवता दाखवता त्या रडायला लागल्या आणि मामी त्यांना म्हणाल्या, "आधी हे सांग, जाळी काढायची कशी." दुपारपर्यंत सगळे डबे दळून झाले. मामींना वाचता येत नाही, म्हणून नात शाळेत जायच्या आधीच तिच्याकडून त्यांनी डब्यांवरची अक्षरं वाचून घेतली होती आणि कोणाचा कोणता ते विचारून घेतलं होतं. संध्याकाळी बायका आल्या, डबे घेऊन गेल्या. डब्यांवरचा खडू कोणी पुसला नव्हता. तो त्यांच्या त्यांच्या घरी पुसला गेला असेल.

त्याच आठवड्यात कर्जाचे साहेब आले. पाठीवर बॅग असलेला तरुण मुलगा, पण सगळ्या बायका त्याला सर म्हणायच्या म्हणून मीही म्हणालो. तो हिंदीत म्हणाला की कर्ज घेतलेली बाई गेली तर राहिलेलं कर्ज विम्यातून फिटतं, तुम्हाला काही भरायचं नाही. मी सही केली.

"और मशीन?" मी विचारलं.

"मशीन आपकी है," तो म्हणाला. मग पाणी प्यायला आणि गेला.

महिना झाला, मामी गेल्या नाहीत. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मी खात्यात जात होतो. लूमच्या आवाजात बोलता येत नाही, त्यामुळे तिथे बरं होतं. घरी आलो की घरघंटी चालू असायची, तिच्याही आवाजात फार बोलावं लागत नसे. मामी मला जेवायला वाढायच्या आणि म्हणायच्या, "पाहुणा, जेवाले बठा." मी जेवायचो. त्या नंतर जेवायच्या.

त्या काय जेवतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मुलीच्या सासरचं अन्न खायचं नाही, ही त्यांच्या माहेरची रीत. मुलीला मूल झालं की पुष्कळ जण सोडतात, पण मामींनी सोडली नव्हती. येताना त्यांनी गावाहून स्वतःची ज्वारी आणली होती, संपली की मुलगा पाठवायचा. दादर, आमच्याकडची पांढरी टपोरी ज्वारी. त्या स्वतःची मूठभर ज्वारी वेगळी दळायच्या, स्वतःच्या दोन भाकऱ्या वेगळ्या थापायच्या आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खायच्या. भाजीसुद्धा घ्यायच्या नाहीत. आमच्यासाठी मात्र रोज भाजी करायच्या. मी ते पाहिलं. पाहूनही काही म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे हे मला कळत होतं, पण जीभ हलत नव्हती.

दिवाळीनंतर कोपऱ्यावरची मोठी गिरणी बंद झाली. चालवणारा राजस्थानकडचा माणूस, त्याला गावी जायचं होतं. त्याने मशीन मोडीत काढली आणि गाळा रिकामा केला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांग लागली. खानदेशच्या बायका ज्वारी आणि बाजरी घेऊन, गुजराती बायका भाखरीचं जाड दळायला, यूपीच्या बायका चणे घेऊन. घरघंटी दोन-तीन डब्यांनंतर तापायची. मामी तिला फडक्याने वारा घालायच्या, वासराला घालावा तसा. मग ती थांबायची आणि बायका डबे ठेवून जायच्या. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मुलगी डब्यांच्या मधे बसून अभ्यास करायची.

गाळ्याचे मालक कतारगामला राहायचे. वयस्कर गुजराती गृहस्थ, दर महिन्याला स्कूटरवरून भाडी घ्यायला यायचे. ते आमच्या दारात थांबले, रांग बघितली आणि मला म्हणाले, "भाई, गाळो खाली पड्यो छे. थ्री फेज मीटर छे, बधुं छे. घंटी नाखो ने."

मी म्हणालो, तिथे गिरणी टाकायचं बघतो.

मामी आतून ऐकत होत्या. ते गेल्यावर त्या बाहेर आल्या. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून प्रश्न विचारला.

"मोठी गिरणी केवढ्याची येते?"

मला माहीत नव्हतं. पण त्या प्रश्नामुळे मी दुसऱ्या दिवशी चौकशी केली. दगडाची जुनी गिरणी, मोटर, पट्टा, बसवणावळ. हातात होतं त्यात भागणार नव्हतं. बँकेत गेलो तर त्यांनी अशी कागदपत्रं मागितली जी लूमवाल्याकडे नसतात. मग गटाच्या बैठकीला गेलो. वहिनींच्या घरी बायका सतरंजीवर ओळीने बसल्या होत्या. मी दारात उभा राहिलो. तोच तरुण साहेब होता.

"भैया, जेन्ट्स को नहीं मिलता," तो म्हणाला. "लेडीज के नाम पे ही होता है. घर में कोई लेडीज?"

मी म्हणालो, "नहीं."

एक बाई म्हणाली, "मामी आहेत ना घरात."

साहेबाने विचारलं, "आपकी माताजी?"

"सास," मी म्हणालो. साहेब म्हणाला, आधार कार्डवर पत्ता इथलाच पाहिजे, आणि वय जास्त नको.

ही गोष्ट कोणीतरी गावी कळवली असावी, कारण दोन दिवसांनी माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. त्याच्याजवळ दुसरा उपाय तयार होता. नवऱ्याने सोडलेली एक बाई शहाद्याकडे होती, मूल नव्हतं, घर चांगलं होतं. "मुलीला आई मिळेल, तुझं जेवणखाण होईल आणि कर्जही तिच्या नावावर निघेल," तो म्हणाला. त्याने हे सगळं एका दमात सांगितलं, जशी एकच गोष्ट असावी.

मी फोन ठेवला तेव्हा मामी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, "बघून या. बघायला काय हरकत आहे." त्यांनी माझा पांढरा शर्ट स्वतः इस्त्रीवाल्याकडे नेऊन आणला.

मी गेलो. त्या घरी कांदेपोहे झाले, चहा झाला. ती बाई समोर बसली. शांत होती, माझ्यासारखीच दमलेली दिसत होती. तिने मला एकच विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मुलगी," मी म्हणालो, "आणि तिची आजी."

"तुमची आई?"

"नाही. तिच्या आईची आई."

तिने मान हलवली आणि खाली बघितलं. तिच्या काकांनी मला बाहेर अंगणात नेलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, पहिलीची आई घरात असली की दुसरीचा संसार होत नाही. त्यांना आधी गावी पोचवा, मग पुढचं बोलू." ते चुकीचं बोलत होते असंही नाही. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. त्यांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावला. बसमध्ये बसल्यावर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं किंवा वाईट तरी. मी खिडकीतून उसाच्या गाड्या बघत आलो.

मामींनी विचारलं, "काय झालं?"

"त्यांना गिरणीचं काम नको आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "आधारचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

आधारवरचा पत्ता बदलायला आम्ही दोघं गेलो. फोटो काढताना तिथल्या मुलीने पदर मागे घ्या म्हटलं. मामींनी माझ्याकडे पाठ केली आणि मग पदर मागे घेतला. अंगठा मशीनवर नीट उमटत नव्हता, भाकऱ्या थापून आणि धान्य चाळून रेघा झिजल्या होत्या. त्या मुलीने बोट पुसायला लावलं, पुन्हा ठेवायला लावलं, शेवटी उमटलं. बाहेर आल्यावर मामी म्हणाल्या, "आता मी गावची राहिले नाही." त्या हे कुरकुरून म्हणाल्या नाहीत. मी त्यांना उसाचा रस पाजायला थांबलो तर त्यांनी स्वतःच्या पिशवीतून पैसे काढून स्वतःच्या ग्लासाचे दिले.

नवा पत्ता घालून आधार आलं आणि त्याच सुमाराला मेहुणा आला. मामींचा मुलगा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आत येऊन पाणीही घेतलं नाही.

"आईला कामाला लावलंत," तो मला म्हणाला. "आमच्याकडे काय कमी होतं? लोक मला विचारतात, तुझी आई जावयाकडे पीठ दळते का."

तो मामींकडे वळला. "चल. पिशवी भर."

मामी घरघंटीत बाजरी टाकत होत्या. त्यांनी मशीन बंद केली, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून. "मी आठेच शे," त्या म्हणाल्या. इथेच राहणार, असं.

"कोणासाठी? ती तर गेली."

खोलीत डबे घेऊन आलेल्या दोन बायका होत्या. त्या बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मामींनी घरघंटीवर सांडलेली बाजरी गोळा केली. मग म्हणाल्या, "तुझ्या घरी मी सकाळी उठते तेव्हा तुझ्या बायकोने सगळं केलेलं असतं. मी ओट्यावर बसते. बसले की मला ती दिसते. इथे मला दिवसभर कोणी बसू देत नाही."

मेहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो रागातच निघून गेला. त्यानंतर त्याच्याकडून येणारी ज्वारी बंद झाली. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आधारवरचं वय चालण्यासारखं होतं, कर्ज मंजूर झालं. मामी बैठकीला जायला लागल्या. सतरंजीवर दुसऱ्या ओळीत त्यांची जागा ठरली. गाळ्यात गिरणी बसली. दगडांना टाकी लावायला उधन्याहून एक म्हातारा कारागीर आला. छिन्नीने दगडावर आडव्या तिरक्या रेघा मारत बसला. रेघा झिजल्या की पीठ गरम निघतं, चव जाते, तेव्हा मला बोलवा, एवढंच त्याने सांगितलं. पहिल्या दिवशी मामींनी मोटरला हळदकुंकू लावलं आणि पहिलं दळण वहिनींच्या गव्हाचं टाकलं. गिरणीचा आवाज सुरू झाला, छतावरची धूळ खाली आली आणि वहिनी टाळ्या वाजवायला लागल्या. बाकीच्या बायकांनीही वाजवल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

थोड्या दिवसांनी मी लूमचं खातं सोडलं. एकट्या मामींच्याने मोठे डबे उचलून वर ओतणं होत नव्हतं. मी ओतायचो, त्या खाली कापडी नळी धरून पीठ हाताने चाचपायच्या. खरबरीत लागलं की बोट वर करायच्या, मी दगड जरा आवळायचो. असं आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत समोरासमोर असायचो. बाजरीनंतर गहू टाकायचे नाहीत, मधे ज्वारी काढून घ्यायची, चण्यानंतर गिरणी झाडायची, हे सगळं ठरत गेलं. बोलणं दळणापुरतं. तिचं नाव आमच्या दोघांपैकी कोणीही कधी घेतलं नाही. वर्षश्राद्धाच्या दिवशी आम्ही सकाळी गिरणी बंद ठेवली आणि दुपारी उघडली, कारण बाहेर डबे जमले होते.

काम वाढलं. उन्हाळ्यात गुजराती घरांतून वर्षाचे गहू यायला लागले, पोत्यांनी. आमच्याकडच्या बायका पापडासाठी उडीद आणि नागली घेऊन दिंडोलीपासून यायच्या. मिरची आणि हळदीसाठी लोक विचारायला लागले, पण त्याची मशीन वेगळी लागते, ती आमच्याकडे नव्हती. गल्लीतली माणसं मला म्हणायची, चांगलं जमवलंस. मी हो म्हणायचो. ते दुसऱ्या कोणाबद्दल बोलताहेत असं वाटायचं.

पावसाळ्यातल्या एका दुपारी मी गिरणीतून लवकर घरी आलो. मामी जेवत होत्या. त्यांच्या ताटातली भाकरी मातकट, पिवळट, कडेला फाटलेली होती.

"मामी, ही भाकरी कसली?"

"जवारीची."

"ज्वारीची अशी नसते."

त्यांनी तुकडा ताटात ठेवला. मग सांगितलं. गिरणी झाडताना दगडाच्या कडेला आणि नळीत जे पीठ राहतं, ते त्या चाळून घरी आणत होत्या. गहू, बाजरी, चणे, सगळ्याचं मिळून. मुलाने ज्वारी पाठवणं बंद केल्यापासून त्या तेच खात होत्या. माझ्या घरातला पिठाचा डबा भरलेला होता. "ते कोणाचंच नसतं," त्या म्हणाल्या. "जे कोणाचंच नाही ते खाल्लं तर पाप लागत नाही."

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. असा मी त्यांच्यासमोर कधी बसलो नव्हतो.

"गिरणी कोणाच्या नावावर आहे?" मी विचारलं.

"मन्हा."

"कर्ज?"

"तेही माझ्याच."

"बैठकीत हप्ता कोण भरतं?"

"मी भरते."

"मग गिरणी तुमची झाली. मी तुमच्याकडे कामाला आहे. मी आणि तुमची नात तुमचं खातो आहे. तुम्ही माझं काही खात नाही."

मी काही त्यांची समजूत काढत नव्हतो. कागदावर जे होतं ते सांगत होतो. त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"खोलीचं भाडं?"

"गिरणीतून जातं."

"मग खोली पण मनीच?"

"तुमचीच."

त्यांनी पदर तोंडावर धरला. त्या हसत होत्या का रडत होत्या ते मला कळलं नाही, आणि मी बघत बसलो नाही. जरा वेळाने त्या पदराआडूनच म्हणाल्या, "मग उद्यापासून गिरणी वेळेवर उघडायची. पाहुणे रोज उशीर करतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता गल्ल्यातून पैसे घेतले आणि दुकानातून ज्वारी आणली. सुरतेत दादर महाग मिळते. त्यांनी महागच आणली. संध्याकाळी आम्हा तिघांसाठी एकाच तव्यावर भाकऱ्या झाल्या आणि त्यांनी स्वतःच्या ताटात वांग्याची भाजी घेतली. मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती तिच्या शाळेतलं काहीतरी गुजरातीत सांगत होती आणि मामी न समजता हो हो करत होत्या.

पहिलं कर्ज फिटल्यावर मामींनी दुसरं घेतलं, मिरची-हळदीच्या मशीनसाठी. यावेळी साहेबाने काही विचारलं नाही. ती मशीन गाळ्याच्या मागच्या बाजूला बसवली. मिरची दळायच्या दिवशी मी तोंडाला ओला रुमाल बांधतो. मुलगी आता सातवीत आहे. गिऱ्हाइकांशी तीच गुजरातीत बोलते, मामी तिच्यामागे उभ्या राहून डब्यात बोट घालून बघतात. मेहुणा मागच्या दिवाळीला आला. गाळ्याबाहेर उभा राहून त्याने गिरणी बघितली आणि जाताना ज्वारीचं पोतं ठेवून गेला. मामींनी ते घेतलं.

गेल्या महिन्यात एके दिवशी वीज कंपनीचं काम होतं म्हणून दिवसभर लाइट नव्हती. आम्ही गाळ्याच्या पायरीवर बसलो होतो, मामी आणि मी, बाजूला डबे. मुलगी शाळेत. समोरच्या खाडीपाशी काही पोरं खेळत होती आणि कोणाची तरी आई त्यांना पाण्यापासून लांब व्हा म्हणून ओरडत होती. मामी त्यांच्याकडे बघत होत्या. सहज बोलावं तसं म्हणाल्या, "तिला चांगलं पोहता यायचं."

"कोणाला?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"मनी पोरले," त्या म्हणाल्या. "पांझरेला पूर असला तरी या काठावरून त्या काठाला जायची."

मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही कधी पाण्यात उतरण्यासारख्या ठिकाणी गेलोच नव्हतो. एकदा डुमसला समुद्रावर गेलो होतो, तेव्हा तिने मुलीला कडेवर घेऊन फक्त पाय भिजवले होते. ती मला म्हणाली नव्हती, आणि मी विचारलं नव्हतं.

"कोणी शिकवलं?"

"मी."

मी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्हाला पोहता येतं?"

"येतं म्हणजे," मामी म्हणाल्या, "ते काय विसरतं का?"

मग त्या बरंच काही सांगत राहिल्या. दुपारच्या वेळी बायका नदीवर धुणं न्यायच्या, पोरीच्या कमरेला रिकामा डबा बांधून त्यांनी तिला पाण्यात सोडलं, ती कशी ओरडली, आणि नंतर बाहेर यायलाच तयार नव्हती. सांगताना त्यांनी तिचं नाव घेतलं, तीन-चारदा घेतलं. मी ऐकत होतो. माझ्या छातीत काहीतरी सुटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. फक्त ती पाण्यात आहे, हात मारते आहे, असं मला अगदी स्पष्ट दिसत राहिलं, आणि ते मी कधी पाहिलेलं नव्हतं.

चारच्या सुमाराला लाइट आली. आतली ट्यूब पेटली तशा मामी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पहिला डबा मराठवाड्यातल्या एका नव्या घरचा होता, त्यांना पीठ कसं लागतं ते आम्हाला अजून ठाऊक नव्हतं. मी तो वर ओतला आणि मामींनी नळीखाली हात धरला.